संसद टीव्ही: निवडणुकीच्या वर्षात शांत नेतृत्व शोधणाऱ्या प्रेक्षकासाठी

निवडणुकीच्या वर्षात राजकीय बातम्यांचा तुटवडा कधीच नसतो. तुटवडा असतो तो एखाद्या पुढाऱ्याला सलग वीस मिनिटे ऐकण्याच्या सोयीचा. सभेतील भाषणाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा, त्यावर प्रतिपक्षाच्या प्रवक्त्याचा तितकाच तुकडा आणि मग दोघांवर तुटून पडणारे चार चेहरे, एवढ्या शिदोरीवर मतदाराने कोण किती पाण्यात आहे हे ओळखावे अशी अपेक्षा असते. अशा वातावरणात जो नेता आवाज न चढवता विरोधकाचा मुद्दा पुरता ऐकून घेतो, त्यातले जे खरे ते मान्य करतो आणि मग आपले म्हणणे मांडतो, तो पडद्यावर टिकतच नाही, कारण त्याच्या बोलण्यातून तुकडा काढता येत नाही. संसद टीव्ही ही वाहिनी आणि तिच्या जोडीला संसदेचे डिजिटल ग्रंथालय, या दोन सार्वजनिक सेवांचे परीक्षण मी येथे एकाच कसोटीवर करणार आहे: पक्षीय रणधुमाळीतही सभागृह चालते ठेवणारी माणसे या सेवांमधून सामान्य प्रेक्षकाला दिसतात का, आणि दिसत असतील तर कितपत.

प्रथम सेवेची ओळख. लोकसभा टीव्ही ही वाहिनी २००६ मध्ये, सोमनाथ चॅटर्जी लोकसभाध्यक्ष असताना सुरू झाली. राज्यसभेची स्वतंत्र वाहिनी २०११ मध्ये आली. आणि १५ सप्टेंबर २०२१ रोजी दोहोंच्या विलीनीकरणातून संसद टीव्हीचे उद्घाटन झाले. दोन्ही सभागृहे बहुधा एकाच वेळी बसत असल्याने अधिवेशनाच्या काळात दोन वाहिन्या चालतात, एक लोकसभेसाठी आणि दुसरी राज्यसभेसाठी. कामकाज यूट्यूबवर थेट पाहता येते आणि त्याची ध्वनिचित्रमुद्रणे मागाहूनही पाहता येतात. डिजिटल ग्रंथालयात संविधान सभेपासूनची आणि १९५२ नंतरच्या लोकसभांची छापील वादविवाद-वृत्ते, तसेच समित्यांचे अहवाल आहेत. पडदा आणि कागद ही दोन्ही अंगे एकत्र धरली तरच या सेवेचे खरे मोल कळते, आणि निवडणुकीच्या वर्षात तर कागदाचे पारडे जड होते.

याचे कारण साधे असले तरी सहसा ध्यानात येत नाही. निवडणुकीच्या वर्षात सभागृह सर्वांत कमी बसते. २०२४ चेच पाहा: सतराव्या लोकसभेचे शेवटचे अधिवेशन १० फेब्रुवारीला आटोपले, १६ मार्चला आचारसंहिता लागू झाली, १९ एप्रिल ते १ जून या काळात सात टप्प्यांत मतदान झाले, ४ जूनला निकाल लागला आणि अठराव्या लोकसभेची पहिली बैठक २४ जूनला भरली. म्हणजे मतदार उमेदवारांची पारख करत होता त्या चार महिन्यांहून अधिक काळ या वाहिनीकडे थेट दाखवण्यासारखे काही नव्हते. ज्या घटकेला ही सेवा सर्वांत जास्त हवी असते, त्याच घटकेला तिचे सभागृह रिकामे असते. हा दोष वाहिनीचा नव्हे, व्यवस्थेचा क्रमच तसा आहे. परंतु प्रेक्षकाने हे आधीच समजून घेतले तर थेट प्रक्षेपणाची वाट पाहत न बसता तो संग्रहाकडे वळेल.

अधिवेशन चालू असताना पाहायचेच असेल, तर सकाळी अकराच्या सुमारास पाहू नये, हा माझा पहिला सल्ला. लोकसभेत अकरा वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. ज्या दिवशी काही वादळी विषय पेटलेला असतो त्या दिवशी पहिल्या काही मिनिटांतच घोषणा सुरू होतात, सदस्य हौद्यात, म्हणजे आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरतात, कामकाज आधी बारापर्यंत आणि मग दोनपर्यंत तहकूब होते, आणि संध्याकाळच्या बातम्यांत नेमके तेवढेच दाखवले जाते. दोननंतरचे सभागृह वेगळे असते. अध्यक्षांच्या आसनावर पुष्कळदा तालिका अध्यक्ष येऊन बसतात. अध्यक्ष जास्तीत जास्त दहा सदस्यांना या तालिकेवर नेमू शकतात आणि त्यांत विरोधी बाकांवरचे सदस्यही असतात. जो सदस्य सकाळी सरकारवर तुटून पडलेला असतो, तोच दुपारी आसनावर बसून आपल्याच पक्षाच्या सहकाऱ्याला वेळ संपल्याची आठवण करून देतो, मंत्र्याला उत्तर पुरे करू देतो आणि लहान पक्षाच्या एकुलत्या एका सदस्याला दोन मिनिटे जास्तीची देतो. नेतृत्वाची एवढी स्वच्छ चाचणी दुसऱ्या कोणत्याही वाहिनीवर मला आढळलेली नाही.

विधेयकाचा शेवटचा टप्पाही असाच पाहण्याजोगा असतो. सर्वसाधारण चर्चा आटोपते, मंत्री उत्तर देतात, आणि मग आसनावरची व्यक्ती एकेक खंड मताला टाकू लागते. ज्या सदस्याने दुरुस्ती सुचवलेली असते त्याचे नाव पुकारले जाते. तो ती मांडणार आहे का, असे विचारले जाते. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. दुरुस्ती फेटाळली जाते. पुढचा खंड येतो. कानाला हे सारे एकसुरी वाटते. पण पडणारच हे ठाऊक असलेली दुरुस्ती उभे राहून, कारण सांगून, नोंदीवर जाईल अशा रीतीने मांडणारा सदस्य आणि ती धुडकावून न लावता दोन वाक्यांत उत्तर देणारा मंत्री, या दोघांचे वर्तन पाहिले की कोण पद सांभाळायला आला आहे आणि कोण केवळ मिरवायला, ते लपत नाही. बराच वेळ काहीच घडत नसल्यासारखे वाटेल, याची मात्र नव्या प्रेक्षकाने तयारी ठेवावी.

आता संग्रहाकडे येतो, कारण माझ्या मते या सेवेचा गाभा तोच आहे.

लोकसभेच्या २२ जुलै २००८ च्या कामकाजाचे छापील वृत्त मी कोणालाही वाचायला सांगेन. भारत-अमेरिका अणुकरारावरून डाव्या पक्षांनी सरकारचा पाठिंबा काढून घेतला होता, विश्वासदर्शक ठरावावर मतदान व्हायचे होते, सार्वत्रिक निवडणूक वर्षभरावर आली होती आणि आसनावर होते सोमनाथ चॅटर्जी, जे स्वतः मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेले होते. पाठिंबा काढणाऱ्या खासदारांच्या यादीत पक्षाने त्यांचेही नाव घातले होते; त्यांनी राजीनामा द्यावा आणि सरकारविरुद्ध मत द्यावे, ही पक्षाची अपेक्षा होती. त्यांनी ती मानली नाही. त्या दुपारी सभागृहात नोटांची पुडकी फडकवली गेली, मतांसाठी लाच दिल्याचा आरोप झाला आणि कामकाज पुढे चालेल की नाही अशी स्थिती निर्माण झाली; तरीही मतदान त्याच संध्याकाळी पार पडले आणि ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी संमत झाला. दुसऱ्याच दिवशी पक्षाने चॅटर्जी यांची हकालपट्टी केली. ते पदावर राहिले आणि लोकसभेची मुदत संपेपर्यंत त्यांनी काम पाहिले. त्यांचा स्वभाव मुळीच मवाळ नव्हता, सदस्यांना ते खडसावत असत, हे त्या काळातील कोणतेही वृत्त वाचले तरी कळते. त्यामुळे शांत नेतृत्व म्हणजे मृदू आवाज असे मानणाऱ्याने हे वृत्त अवश्य वाचावे. येथे आवाज चढलेला आहे, पण आसन हललेले नाही.

याच वृत्तात दुसरी गोष्टही सापडते. पंतप्रधान मनमोहन सिंग यांना त्या दिवशी चर्चेला उत्तर देता आले नाही. गोंगाटामुळे त्यांनी भाषण सभागृहाच्या पटलावर ठेवले. म्हणजे अणुकरारासाठी सरकार पणाला लावणाऱ्या पंतप्रधानांचे उत्तर पडद्यावर कोणी ऐकलेच नाही. ते फक्त वाचता येते. आणि वाचले की आश्चर्य वाटते, कारण अबोल समजल्या जाणाऱ्या या माणसाची भाषा त्यात चांगलीच बोचरी आहे. डाव्या पक्षांनी आपल्याला वेठबिगारासारखे वागवू पाहिले, असा आरोप त्यात आहे आणि विरोधी पक्षनेते लालकृष्ण अडवाणी यांना ज्योतिषी बदलण्याचा खोचक सल्लाही आहे. पडद्यावरची प्रतिमा आणि पटलावरचा मजकूर यांतला हा फरक बातम्यांच्या वाहिन्यांवर कधीच उमगला नसता.

१७ एप्रिल १९९९ चे मतदान याहून अधिक परिचित आहे. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने पडला. ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले गिरिधर गमांग अजून लोकसभेचे सदस्य होते आणि त्यांनी मत द्यावे की नाही हा प्रश्न अध्यक्ष जी. एम. सी. बालयोगी यांनी त्यांच्या सदसद्विवेकावर सोपवला. तो निर्णय योग्य होता का, यावर आजही दुमत आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे: सरकारने निकाल निमूटपणे स्वीकारला, २६ एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली, आणि काळजीवाहू सरकार निवडणुकीच्या तयारीत असतानाच कारगिलची घुसखोरी उघडकीस आली. मे ते जुलै या काळातले ते युद्ध बहुमत गमावलेल्या सरकारने चालवले. मतदान झाले ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. निवडणुकीच्या वर्षातील धीरोदात्त नेतृत्वाचे याहून मोठे उदाहरण स्वतंत्र भारतात क्वचितच सापडेल, आणि नेमके त्याच काळाचे लोकसभेचे वृत्त अस्तित्वात नाही, कारण लोकसभाच नव्हती. संग्रहाची ही रिकामी जागा भरून काढणे कोणत्याही ग्रंथपालाच्या हाती नाही.

शांतपणाचे गुणगान करताना एक अपवाद नोंदवलाच पाहिजे. पी. व्ही. नरसिंह राव यांनी १९९१ मध्ये अल्पमतातले सरकार हाती घेऊन आर्थिक धोरणाची दिशा पालटली आणि पाच वर्षे पुरी केली, हे त्यांच्या संयमाचे यश म्हणून सांगितले जाते, आणि बव्हंशी ते खरेही आहे. परंतु २८ जुलै १९९३ रोजी त्यांच्या सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला तेव्हा त्यातील काही मते लाच देऊन मिळवल्याचा खटला पुढे उभा राहिला. विशेष न्यायालयाने राव यांना दोषी ठरवले आणि २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. तर लाच घेऊन मत देणाऱ्या सदस्याला संरक्षण देणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निर्णय सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ मार्च २०२४ रोजी, म्हणजे पुन्हा एका निवडणुकीच्या तोंडावर, रद्दबातल केला. त्या दिवशीच्या मतदानाचे वृत्त वाचणाऱ्याला यातले काहीही दिसणार नाही. सभागृहाबाहेर काय शिजले ते सभागृहाची सेवा दाखवू शकत नाही, आणि मौनामागे धैर्य आहे की हिशेब, हे केवळ तिच्या आधारे ठरवू नये.

जुन्या काळातले एक वृत्त मात्र आवर्जून शोधावे. पहिले लोकसभाध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्याविरुद्ध १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव चर्चेला आला. मावळंकर त्या वेळी आसनावर नव्हते. उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार कामकाज पाहत होते. पंतप्रधान नेहरूंनी हा पक्षाचा प्रश्न मानू नये, असे आपल्याच पक्षाच्या सदस्यांना सांगितले. ठराव पडला. ज्यांना अध्यक्ष पक्षपाती वाटतात त्यांनी तसे उघड म्हणावे, त्यावर रीतसर चर्चा व्हावी आणि बहुमतवाल्या पक्षाने ती दडपू नये, ही रीत तिथे घातली गेली. संसदेला मूलभूत हक्कांवर गदा आणता येणार नाही असे सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतरचे, बॅरिस्टर नाथ पै यांचे घटनादुरुस्तीच्या अधिकाराविषयीचे खासगी विधेयक आणि त्यावरची चर्चा हेही याच पंक्तीतले. विरोधी बाकावरून एकट्याने मांडलेला प्रश्न साऱ्या सभागृहाला गंभीरपणे घ्यावा लागला, असे ते प्रकरण आहे.

एवढे कौतुक केल्यावर उणिवांकडे वळतो. त्या किरकोळ नाहीत.

पहिली उणीव कॅमेऱ्याची. सभागृहात गोंधळ माजला की कॅमेरा आसनावर स्थिरावतो, ही जुनी प्रथा आहे. असभ्य वर्तनाला प्रसिद्धी मिळू नये हा तिच्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे, पण तिचा परिणाम विचित्र होतो: प्रेक्षकाला आवाज ऐकू येतो, पण त्याचे कारण दिसत नाही, आणि आसनावरच्या व्यक्तीचा संयम कशाच्या तोंडावर टिकून आहे याचा अंदाज येत नाही. ज्याला शांतपणाचे मोजमाप करायचे आहे त्याला वादळही दिसले पाहिजे.

२०१४ हे निवडणुकीचे वर्ष याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. तेलंगणाच्या विधेयकावरून १३ फेब्रुवारीला लोकसभेत एका सदस्याने मिरपुडीचा फवारा मारला. काही सदस्यांना रुग्णालयात न्यावे लागले. अध्यक्ष होत्या मीरा कुमार, ज्यांचा आवाज त्या पाच वर्षांत क्वचितच चढला. १८ फेब्रुवारीला विधेयक आवाजी मतदानाने संमत झाले, आणि त्या वेळी वाहिनीचे थेट प्रक्षेपण बंद होते. तांत्रिक कारण पुढे करण्यात आले. विरोधकांना ते पटले नाही. एका राज्याची फाळणी करणारा निर्णय, निवडणूक तोंडावर, सभागृह पेटलेले, आणि प्रेक्षकापुढे कोरा पडदा. अध्यक्षांनी त्या तासात सभागृह कुशलतेने हाताळले की घाईने गुंडाळले, हे ठरवण्याचे साधनच नागरिकाच्या हातातून काढून घेतले गेले होते. दोन दिवसांनी राज्यसभेत पंतप्रधान मनमोहन सिंग आंध्र प्रदेशासाठीच्या सवलती वाचून दाखवत असताना त्यांच्याच पक्षाच्या सदस्यांनी त्यांच्याभोवती कडे केले होते. कड्याच्या आतून, मान खाली घालून, कागदावरचे मुद्दे क्रमाने वाचणारा पंतप्रधान हे दृश्य ज्याने पाहिले त्याला त्या वर्षीच्या राजकारणाविषयी वेगळे सांगावे लागणार नाही. प्रक्षेपण चालू असण्याचा आणि नसण्याचा फरक या दोन दिवसांत जितका स्पष्ट होतो, तितका एरवी होत नाही.

दुसरी उणीव याच्या उलट प्रकारची आहे आणि ती अधिक फसवी आहे. डिसेंबर २०२३ मध्ये, संसदेतील सुरक्षाभंगाच्या घटनेनंतर गृहमंत्र्यांनी निवेदन करावे या मागणीवरून झालेल्या गोंधळात दोन्ही सभागृहांतील मिळून १४६ सदस्य निलंबित झाले. त्यानंतरच्या दिवसांत फौजदारी कायद्यांची तिन्ही विधेयके आणि दूरसंचार विधेयक संमत झाले. त्या बैठकांची मुद्रणे पाहिली तर सभागृह अतिशय शिस्तबद्ध दिसते: घोषणा नाहीत, फलक नाहीत, भाषणे सुरळीत. ज्याला पार्श्वभूमी ठाऊक नाही असा प्रेक्षक ते पाहून सभागृह उत्तम चालले आहे, असे म्हणेल. निलंबनाचे समर्थक सदस्यांच्या वर्तनाकडे बोट दाखवतात आणि टीकाकार सरकारच्या हट्टाकडे. दोघांचेही म्हणणे नोंदीवर आहे. माझा मुद्दा एवढाच की रिकाम्या बाकांमुळे आलेली शांतता आणि समोर विरोधक बसलेले असताना राखलेली शांतता पडद्यावर सारखीच दिसते, आणि हा फरक प्रेक्षकाला कळावा यासाठी वाहिनी काहीही करत नाही. त्या दिवशी किती सदस्य उपस्थित होते, किती निलंबित होते, एवढी एक ओळ पडद्याच्या तळाशी आली असती तरी पुरे झाले असते.

तिसरी उणीव सर्वांत मोठी, आणि ती नियमातच आहे. संसदेतील सर्वांत शांत काम समित्यांमध्ये चालते आणि लोकसभेच्या नियमांनुसार समित्यांच्या बैठका खासगी असतात. खात्यांशी संलग्न स्थायी समित्यांची रचना १९९३ मध्ये, शिवराज पाटील लोकसभाध्यक्ष असताना झाली. आज त्यांची संख्या २४ आहे आणि प्रत्येकीत लोकसभेचे २१ व राज्यसभेचे १० असे ३१ सदस्य असतात. तेथे प्रेक्षक नसतात, म्हणून कोणाला आपल्या मतदारसंघासाठी भाषण करावे लागत नाही. सचिवांना बोलावून आकडे विचारले जातात. सत्ताधारी सदस्यही आपल्या सरकारच्या खात्याला अडचणीचे प्रश्न विचारतात. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून प्रथेने विरोधी पक्षाकडे असते. तेथेही नेहमीच समजूतदारपणा असतो असे नाही: २०११ मध्ये टू-जी, म्हणजे दूरसंचार ध्वनिलहरींच्या वाटपाच्या, प्रकरणावरच्या मसुदा अहवालावरून मुरली मनोहर जोशी यांच्या अध्यक्षतेखालील या समितीतच उभी फूट पडली होती. तरीही, पक्षाच्या भिंती ओलांडून काम करणारी माणसे कुठे आहेत असे कोणी विचारले, तर उत्तर समितीच्या खोलीकडेच बोट दाखवते.

बैठक खासगी ठेवण्याचे कारण मला पटते. कॅमेरा आत आला की समितीचेही सभागृह होईल, आणि मग जे पाहण्यासाठी कॅमेरा न्यायचा तेच उरणार नाही. म्हणून माझी मागणी प्रक्षेपणाची नाही. अहवाल सभागृहाला सादर झाल्यावर समितीच्या अध्यक्षाने, शक्य तर एका असहमत सदस्याला बरोबर घेऊन, त्याचे सार वाहिनीवर अर्धा तास मांडावे, एवढी साधी सोय नियमित झाली तरी पुष्कळ होईल. सध्या प्रेक्षकाला स्वतः अहवाल उघडावा लागतो. तिन्ही फौजदारी विधेयकांवर गृहखात्याच्या स्थायी समितीने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिलेल्या अहवालांना विरोधी सदस्यांची असहमतीची टिपणे जोडलेली आहेत, आणि पुढच्या महिन्यात जे सदस्य सभागृहाबाहेर होते त्यांच्या पक्षांचे मुद्देसूद म्हणणे तेथे वाचायला मिळते. मात्र हा झराही आटत चालला आहे: पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के.

स्टुडिओतील कार्यक्रमांविषयी फार लिहिण्याजोगे नाही. माहितीपर कार्यक्रम नीटनेटके असतात, घटनात्मक विषयांवरचे काही उपयोगी असतात, पण मुलाखतींत उलटतपासणी नसते. संसदेच्या पैशावर चालणाऱ्या वाहिनीकडून ती अपेक्षा करणेही कदाचित रास्त नव्हे.

मराठी प्रेक्षकासाठी भाषेचा प्रश्न उरतो. सभागृहात सदस्याला मराठीत बोलता येते आणि मराठीतून भाषांतराची सोयही लोकसभेत आहे, पण वाहिनीचा एकंदर व्यवहार हिंदी आणि इंग्रजीतच चालतो. छापील वृत्तांची गतही तीच. ज्याला या दोन्ही भाषांत कायद्याची परिभाषा कळते त्याला अडचण नाही. बाकीच्यांना विधेयकावरची चर्चा अर्धीमुर्धीच समजते. संग्रहातील शोधाची सोय विषय आणि सदस्याच्या नावापुरती ठीक आहे, परंतु अध्यक्षांनी दिलेल्या निर्णयांचा, म्हणजे रुलिंगांचा, सामान्य वाचकाला वापरता येईल असा स्वतंत्र शोध असायला हवा. आसनावरच्या माणसाची खरी कारकीर्द त्या निर्णयांतच असते.

पक्षीय चिखलफेकीच्या काळातही सौजन्याचे क्षण असतात आणि ते पूर्ण लांबीत केवळ येथेच मिळतात, हे सांगायला हवे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्यसभेत निवृत्त होणाऱ्या सदस्यांना निरोप देताना पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मनमोहन सिंग यांच्याविषयी बोलताना, ते चाकाच्या खुर्चीवरून मतदानाला आले होते याचा गौरवाने उल्लेख केला. ते मत मोदी सरकारच्याच विधेयकाविरुद्ध होते, हे लक्षात घेतले की त्या उल्लेखाचे वजन वाढते. २६ जून २०२४ रोजी ओम बिर्ला आवाजी मतदानाने पुन्हा अध्यक्ष झाले तेव्हा पंतप्रधान आणि नवे विरोधी पक्षनेते राहुल गांधी या दोघांनी त्यांना प्रथेप्रमाणे आसनापर्यंत नेले. आठवड्यांपूर्वीच प्रचारात एकमेकांवर जे बोलले गेले होते ते या प्रसंगांनी पुसले जात नाही, आणि अशा औपचारिक दिवसांवरून कोणाच्याही नेतृत्वाचा निवाडा करू नये. निरोपाच्या दिवशी सगळेच उदार होतात.

माझा अभिप्राय असा. राजकारणाचा रोजचा निकाल हवा असणाऱ्याने या सेवेकडे फिरकू नये. त्याची निराशा होईल. ज्याला आपल्या खासदाराचे काम तपासायचे आहे, ज्याला अध्यापन किंवा पत्रकारिता करायची आहे, किंवा जो प्रचाराच्या आतषबाजीने कंटाळला आहे, त्याच्यासाठी हिच्या तोडीचे दुसरे काही उपलब्ध नाही. सुरुवात मात्र विश्वासदर्शक ठरावांपासून करू नये. त्यांचा शेवट ठाऊक असल्याने वाचणारा निकालाकडे धावतो आणि माणसे निसटतात. एखादे फारशी चर्चा न झालेले विधेयक निवडावे, त्यावरचा समितीचा अहवाल असहमतीच्या टिपणांसह आधी वाचावा आणि मग दुपारच्या बैठकीचे मुद्रण सलग पाहावे. अहवालात ज्यांनी नेमके आक्षेप घेतले होते ते सभागृहात काय बोलतात आणि मंत्री त्या आक्षेपांना उत्तर देतात की बगल, एवढेच टिपून ठेवावे. पुढच्या निवडणुकीत यादीतली काही नावे ओळखीची वाटतील.